कुमारवाचक आणि कादंबरीतील ‘मी’

वास्तववादी कादंबरी कुमारवयातील वाचकाला स्वतःची ओळख घडविण्यास साहाय्य करते, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्याचा पुरावा सहसा कोणी मागत नाही. शिक्षणशास्त्रावरील पुस्तकांत ते गृहीत धरलेले असते आणि कुमारवाङ्मयाच्या प्रस्तावनांत हमखास आढळते. विधानाच्या पाठीशी नाव असते ते बहुधा एरिक एरिक्सन यांचे. ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या १९५० च्या ग्रंथात एरिक्सन यांनी मानवी आयुष्याचे आठ टप्पे कल्पिले आणि त्यांतील पाचवा टप्पा, म्हणजे कुमारवय, हा स्वतःची ओळख आणि भूमिकांचा गोंधळ यांच्यातील झगड्याचा काळ मानला. तथापि एरिक्सन यांचा विषय माणूस हा होता. कादंबरी हा नव्हता. कुमारवयात ‘मी कोण’ हा प्रश्न तीव्र होतो, एवढे त्यांच्याकडून घेता येते. त्या प्रश्नाशी कादंबरीचा संबंध कोणत्या मार्गाने येतो, हे मात्र वाङ्मयाच्या आणि भाषेच्या अभ्यासकाने स्वतंत्रपणे दाखवावयास हवे.

या मार्गाचे जे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते ते आरशाचे आहे. वाचक पात्रात स्वतःला पाहतो, आपल्यासारख्या अडचणीत सापडलेला दुसरा कोणी आहे हे पाहून त्याला धीर येतो आणि त्या पात्राच्या वागण्यातून तो काही उचलतो. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण ढोबळ आहे. आरसा मानला की पात्र वाचकासारखे असले पाहिजे, अशी अट आपोआप येते. आणि मग वास्तववाद म्हणजे वाचकाचे वय, गाव, जात आणि घर यांची नक्कल, असा समज पसरतो. शिवाय या स्पष्टीकरणात भाषेला काही कामच उरत नाही. चित्रपटातील नायकही आरसा होऊ शकतो. मग कादंबरीचे वेगळेपण ते कोणते?

ते प्रथमपुरुषी सर्वनामात शोधले पाहिजे. एमिल बेन्व्हेनिस्त यांनी भाषेतील आत्मनिष्ठतेविषयीच्या आपल्या १९५८ च्या निबंधात दाखविले की ‘मी’ हा शब्द कोणत्याही एका वस्तूचे नाव नाही. जो बोलेल तो त्या शब्दाने स्वतःला बोलणारा म्हणून उभा करतो. ‘झाड’ या शब्दामागे झाड आहे. ‘मी’ या शब्दामागे केवळ एक रिकामी जागा आहे आणि बोलणारा ती व्यापतो. प्रथमपुरुषी कादंबरी मनात वाचली जात असताना या जागेत काही काळ दोघे बसतात: लेखकाने कल्पिलेला निवेदक आणि तो ‘मी’ मनातल्या मनात उच्चारणारा वाचक. चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःविषयी सलग चार वाक्ये बोलण्याची संधी प्रत्यक्ष आयुष्यात फार कमी मिळते. घरी त्याने उत्तरे द्यावयाची असतात, शाळेतही उत्तरेच द्यावयाची असतात. कादंबरी त्याला दोन-तीनशे पाने ‘मी’ म्हणावयास लावते. ओळख घडण्याशी वाचनाचा संबंध असेल तर तो प्रथम या सरावाचा आहे, अनुकरणाचा नंतर.

मराठीत हे तपासण्यासाठी तीन पुस्तके सोयीची आहेत. त्यांपैकी पहिले, साने गुरुजींचे ‘श्यामची आई’, हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यात ‘मी’ आहे, आणि तो लहान मुलाच्या अनुभवांविषयीच बोलतो. परंतु बोलणारा श्याम मोठा झालेला आहे. आश्रमातील सोबत्यांना तो रात्री-रात्रींनी आपल्या आठवणी सांगतो. लहान श्यामने केलेली चूक, आईने ती सुधारण्याची रीत आणि मोठ्या श्यामने त्या चुकीला दिलेला अर्थ हे तिन्ही वाचकापाशी एकत्रच येतात. परिणामी कुमारवाचकाची जागा ‘मी’ ची राहत नाही. तो श्रोत्यांच्या वर्तुळात बसतो. कोणत्या प्रकारचा ‘मी’ व्हावयाचे हे येथे अगोदरच ठरलेले आहे. या पुस्तकाने मराठी घरांवर केलेला संस्कार मोठाच आहे. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने तो अधिक दूरवर नेला. परंतु संस्कार होणे आणि ओळख घडणे या क्रिया एक नव्हेत. पहिल्या क्रियेत वाचक ऐकतो. दुसरीत त्याला बोलावे लागते.

प्रकाश नारायण संत यांचा ‘वनवास’ हा कथासंग्रह १९९४ साली आला. त्यामागून ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ हे संग्रह आले. या कथा सुट्या असल्या तरी निवेदक एकच आहे, आणि चारही पुस्तके सलग वाचणाऱ्याला त्या कादंबरीसारख्याच वाटतात. आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या गावात आजी-आजोबांजवळ राहणारा लंपन येथे स्वतःच बोलतो आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारा प्रौढ निवेदक जवळजवळ कोठेही दिसत नाही. मोठ्या माणसांचे बोलणे त्याला जसे ऐकू येते तसे तो सांगतो. त्याचा अर्थ लागला नाही तर अर्थ न लागताच सांगतो. त्याची स्वतःची अशी एक बोली आहे. ‘मॅड’ हे त्याचे विशेषण कोठेही चालते, आणि मोजदाद करताना मनाला येईल तो भलामोठा आकडा तो फेकतो. हे केवळ गमतीसाठी केलेले नाही. ज्या वयात भावना आहे पण तिचे प्रमाणभाषेतील नाव अद्याप हाती लागलेले नाही, त्या वयाची ही भाषा आहे. ‘मॅड’ हा शब्द दहा निरनिराळ्या भावनांच्या जागी उभा राहतो, कारण त्या दहांचे पृथक्करण व्हावयाचे आहे. आणि कथा पुढे सरकते तसतसे ते वाचकाच्या मनात होऊ लागते. आजीविषयी वाटणारे, सुमीविषयी वाटणारे आणि दूर राहिलेल्या आईविषयी वाटणारे या तिन्हींना लंपन वेगळी नावे देत नाही, पण वाचक त्यांच्यात गल्लत करीत नाही.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) हे तिसरे पुस्तक. नववीतील मुकुंद जोशी, त्याचे मित्र, शिरोडकर ही मुलगी, आणि मागे १९७५-७६ च्या आणीबाणीचे वर्ष. येथील ‘मी’ लंपनहून वयाने थोडा मोठा आणि भाषेने पुष्कळच धूर्त आहे. लंपनजवळ एक भाषा आहे. जोशीजवळ चार आहेत. घरातली वेगळी, वर्गात उत्तर देतानाची वेगळी, मित्रांत बसल्यावरची वेगळी आणि शिरोडकरविषयी मनात बोलतानाची त्याहूनही वेगळी. ज्या टोळीत मुलींविषयी बोलावयाचे ते ‘लाईन’ या शब्दानेच, त्या टोळीत राहूनही त्या शब्दाने भागत नाही असे काहीतरी त्याच्या वाट्याला आले आहे. कादंबरीतील खरा ताण प्रेम सफल होण्या-न होण्याचा नाही. चौघा मित्रांत बोलता येत नाही अशा गोष्टीसाठी वाक्य कोठून आणावयाचे, हा तो ताण आहे. मुलगी आडनावानेच उल्लेखिली जाते हा तपशीलही त्याच ताणाचा भाग आहे: शाळेच्या हजेरीपटावरचे कोरडे आडनाव या मुलाच्या मनात हळूहळू एखाद्या लाडक्या नावाइतके भरून येते. वर्ष संपते आणि शिरोडकर गाव सोडून जाते, तेव्हा त्या आडनावाचे वजन काय झाले आहे हे वाचकालाच ठाऊक असते. टोळीतल्या कोणाला नसते.

या दोन्ही पुस्तकांच्या बाबतीत एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्यांपैकी एकही कुमारांसाठी म्हणून निघालेले नाही. प्रौढ वाचकांनीच ती प्रथम उचलली, आणि त्यांच्यावरील लेखनात हरवलेल्या बालपणाचा उसासा वारंवार ऐकू येतो. मराठीत बालवाङ्मयाचे कपाट आहे, ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही वाचला जातो. परंतु साहस संपल्यावर आणि लग्न होण्यापूर्वी जी पाच-सहा वर्षे असतात त्यांचे वास्तववादी कपाट मराठीने वेगळे मांडले नाही. तेरा ते सतरा वयाचा वाचक ते मोठ्यांच्या कपाटातून चोरून मिळवतो. ही परिस्थिती सर्वस्वी वाईट आहे असे नाही, कारण चोरून वाचलेले अधिक लक्षात राहते.

येथपर्यंत ‘मी’ ही सर्वांसाठी उघडी असलेली जागा आहे, असे मानून विचार केला. मराठी व्याकरण मात्र ते मान्य करीत नाही. इंग्रजी कादंबरीतील प्रथमपुरुषी क्रियापद बोलणारा मुलगा की मुलगी हे सांगत नाही. मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’, ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’, ‘मी बसलो होतो’ आणि ‘मी बसले होते’ यांतून निवड केल्याखेरीज वाक्य पुरे होत नाही. म्हणजे ‘शाळा’ वाचणारी नववीतली मुलगी पानापानावर मनात ‘मी गेलो’ म्हणते. बेन्व्हेनिस्त यांच्या रिकाम्या जागेवर मराठीत पाटी लावलेली आहे.

हे सर्व क्रियापदांना सारखेच लागू नाही, आणि खरी मौज तेथेच आहे. भूतकाळातील सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते: ‘मी पत्र वाचले’, ‘मी गोष्ट ऐकली’ ही वाक्ये मुलाची की मुलीची हे ओळखता येत नाही. भविष्यकाळात तर भेद उरतच नाही. ‘मी जाईन’ हे कोणाचेही असू शकते. उलट जाणे, येणे, बसणे, उठणे, पळणे, म्हणजे शरीराची हालचाल सांगणारी क्रियापदे, आणि त्यांच्याबरोबर म्हणणे, बोलणे, शिकणे, विसरणे, घाबरणे ही क्रियापदेही भूतकाळात बोलणाऱ्याचे लिंग उघड करतात. ‘मी म्हणालो’ हे मुलाचे, ‘मी म्हणाले’ हे मुलीचे. मात्र भावनेचे मराठीतील हक्काचे घर वेगळेच आहे. ‘मला वाटले’, ‘मला राग आला’, ‘मला लाज वाटली’, ‘मला कळेना’: येथे अनुभवणारा चतुर्थीत आहे, क्रियापद त्याच्याकडे पाहतच नाही, आणि म्हणून वाक्य कोणाचेही होऊ शकते. थोडक्यात, मराठी निवेदक चालू लागला की त्याचे लिंग दिसते, आणि त्याला काही वाटू लागले की ते झाकले जाते.

लंपनच्या कथा मुलींनाही आपल्याशा वाटतात याची काही अंशी संगती यातून लागते. लंपनच्या जगात घडते थोडे आणि वाटते पुष्कळ. त्याचे निवेदन ‘मी’ पेक्षा ‘मला’ च्या आधाराने चालते. ‘शाळा’ त हालचाल अधिक आहे. मुले भटकतात, चढतात, दबा धरून बसतात, बोलतात, खोटे बोलतात. तेथे वाचणाऱ्या मुलीला अधिक वेळा उंबरठा ओलांडावा लागतो. आणि कथेत तिच्यासारखी जी मुलगी आहे ती ‘मी’ नाही, ‘ती’ आहे. शिरोडकरला काय वाटत होते हे जोशीला जेवढे कळते तेवढेच वाचकाला कळते. हा कादंबरीचा दोष नव्हे. प्रथमपुरुषी निवेदन प्रामाणिकपणे पाळले तर असेच व्हावयाचे. पण मुलीच्या ओळखीविषयी बोलणाऱ्या समीक्षकाने येथे थांबावयास हवे. तिला आरसा हवा असेल तर तो शिरोडकरमध्ये आहे. सराव हवा असेल तर तो जोशीमध्ये आहे. दोन्ही एकाच ठिकाणी नाहीत.

कोणी म्हणेल की मुली हे भाषांतर सहज करतात, आणि लहानपणापासून करीत आल्या आहेत. ते खरे आहे. त्यातून त्यांना एक कौशल्यही मिळते: दुसऱ्याच्या ‘मी’ मध्ये शिरून पुन्हा बाहेर येण्याचे. तोटा झाला असेल तर तो मुलांचा. ‘मी गेले’, ‘मी म्हणाले’ असे शंभर पाने सलग मनात म्हणण्याची वेळ मराठी मुलावर किती वेळा येते? लंपन आणि जोशी यांच्या तोडीची, त्याच वयाची आणि स्वतःच्या तोंडाने बोलणारी मुलगी मराठी कथासाहित्यात शोधू लागले तर पटकन हाताशी येत नाही. शांता शेळके यांच्या ‘चौघी जणी’ मुळे लुइसा मे अल्कॉट यांच्या बहिणी मराठी घरांत आल्या, परंतु त्या तृतीयपुरुषी आहेत. मुलाने तो अनुवाद वाचला तरी तो मुलींविषयी वाचतो. मुलगी होऊन वाचत नाही. दोघांच्या सरावातील ही विषमता विषयांच्या विषमतेपेक्षा कमी दिसते आणि अधिक खोल जाते.

लंपनच्या मुलखात या नियमाला एक गमतीदार अपवाद आहे. कोल्हापूर आणि त्याच्या दक्षिणेकडील भागात पुष्कळ मुली घरात आणि मैत्रिणींत ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात, आणि पुण्यामुंबईच्या शाळेत गेल्या की तेथे ते सुधारले जाते. शेजारच्या कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाहीच. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध जोडण्याची घाई करू नये. सीमाभागातील बोलींचा बारकाईने अभ्यास झाल्याखेरीज ते बोलणे अकाली होईल. पण वाचनाच्या दृष्टीने याचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या मुलीच्या घरच्या बोलीत ‘मी आलो’ हे तिचेच वाक्य आहे, तिच्यासाठी लंपनच्या दारावर पाटी नाही. शाळेने तिची बोली सुधारली की तीच पाटी तिच्या दारावरही लागते. प्रमाणभाषा मुलीला व्याकरण शिकवते, आणि त्याबरोबर कोणत्या पुस्तकातला ‘मी’ आपला नाही हेही शिकवते.

अनेकवचनात चित्र पालटते. ‘आम्ही गेलो’ हे मुलांचेही वाक्य आहे आणि मुलींचेही. शिवाय मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे: पहिल्यात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात सामावला जातो. इंग्रजीला हा भेद एका सर्वनामाने दाखविता येत नाही. कुमारवयातील टोळीच्या भाषेत तर ‘आपण’ एकट्यासाठीही येतो. ‘आपण नाही घाबरत’ म्हणणारा मुलगा एकटाच असतो आणि मनातून घाबरलेलाही असतो. त्या ‘आपण’ मध्ये तो स्वतःला टोळीच्या आड उभा करतो. ज्या दिवशी तोच मुलगा ‘मी घाबरलो’ असे म्हणू शकतो त्या दिवशी एरिक्सन यांच्या पाचव्या टप्प्यात काहीतरी घडलेले असते. ‘शाळा’ या कादंबरीचे मोठेपण हेच की टोळीच्या ‘आपण’ मधून जोशीचा ‘मी’ वेगळा होत जातो आणि टोळीचा द्रोहही होत नाही.

अर्थात या अनेकवचनात कोण मावतो, हा प्रश्न व्याकरणाच्या पलीकडचा आहे. जोशीच्या टोळीतील ‘आपण’ हा उपनगरी, पांढरपेशा वस्तीच्या कडेकडेने फिरतो. ज्या मुलांना त्यात जागा सापडली नाही त्यांनी कुमारवयाचा ‘मी’ कादंबरीऐवजी आत्मकथनांत शोधला, असे दिसते. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दगडू पवार आणि दया पवार या एकाच माणसाच्या दोन नावांत निवेदन विभागलेले आहे: लहानपणीचा एक, लिहिणारा दुसरा. बेबी कांबळे यांनी आपल्या आत्मकथनाचे नावच ‘जिणं आमुचं’ असे ठेवले. तेथे एकवचन मुद्दाम मागे ठेवले आहे. या पुस्तकांना कुमारवाङ्मय म्हणता येणार नाही. तथापि सतराव्या वर्षी ती हाती पडलेल्या वाचकाला विचारले तर ओळख घडविण्याचे काम त्याच्यापुरते कोणत्या पुस्तकाने केले, याचे उत्तर समीक्षकांच्या वर्गीकरणाप्रमाणे येईलच असे नाही.

तुलनेसाठी अमेरिकेतील एक उदाहरण घेण्यासारखे आहे, कारण कुमारांच्या वास्तववादी कादंबरीची चर्चा बहुधा तेथूनच सुरू होते. ‘द आउटसायडर्स’ ही एस. ई. हिंटन यांची कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. ती त्यांनी शाळेत असतानाच लिहिली होती. निवेदक पोनीबॉय हा चौदा वर्षांचा मुलगा आहे आणि लेखिका मुलगी होती. प्रकाशकांनी तिच्या नावाची आद्याक्षरेच मुखपृष्ठावर ठेवली. इंग्रजी व्याकरणाने तिला कोठेही अडविले नाही. लिंग लपविण्याची गरज पडली ती केवळ मुखपृष्ठावर. आतल्या वाक्यांना ते मुळात सांगावे लागतच नव्हते. मराठीत तिला पहिल्याच अकर्मक क्रियापदापाशी उघडपणे मुलगा व्हावे लागले असते. या कादंबरीच्या शेवटी असे कळते की आपण जे वाचले तो त्या मुलाने शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकासाठी लिहिलेला निबंध आहे. मित्र गमावल्यानंतर, परीक्षेत मागे पडल्यानंतर, तो लिहावयास बसतो आणि पुस्तक पुन्हा आपल्या पहिल्या वाक्यापाशी येते.

हा शेवट शाळेत मराठी शिकविणाऱ्यांच्या विशेष कामाचा आहे. आपल्याकडील निबंधाच्या तासाला मुलांनी लिहावयाचा ‘मी’ ठरलेला असतो: मी पंतप्रधान झालो तर, मी पाहिलेला सूर्योदय, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त. यांतील पहिल्या शीर्षकात ‘झालो’ छापलेले असते. वर्गातील निम्म्या मुली ते वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या ओळीपासून ‘झाले’ लिहू लागतात. काही जणी अखेरपर्यंत ‘झालो’ च लिहितात. परीक्षक त्याला चूक म्हणतो की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते.